डांबरगोळे कुठून येतात हे लाटा सांगतील का?

कोलवेकर
काल पहाटे गोव्यातल्या कोलव्याच्या किनाऱ्यावर चालायला गेलो, चपला हातात घेतल्या आणि दहा मिनिटांत दोन्ही तळव्यांना डांबर. घरी येऊन खोबरेल तेल लावून घासत बसलो, बायको म्हणते फरशी कोण पुसणार. पावसाच्या तोंडावर दरवर्षी हेच, समुद्रात सांडलेल्या तेलाचे घट्ट गोळे वाहत येतात. लाटा मोजणारे तरंगते बोये आहेत, गुजरात-तमिळनाडूच्या किनाऱ्यावर वरच्या पाण्याचा प्रवाह मोजणारे रडार आहेत, दोना पावलाला समुद्राचा अभ्यास करणारी एनआयओ ही १९६६ सालची संस्था आहे, हैदराबादचं इन्कॉइस हे सरकारी केंद्र समुद्राचा अंदाज देतं. तेल प्रवाहाबरोबर जातं आणि वर वाऱ्याच्या वेगाच्या साधारण ३ टक्के वेगानं ढकललं जातं, मग हेच गणित उलटं चालवून निघालं कुठून ते काढा ना! आपल्याकडे अशी मोजणी वाढवायलाच हवी असं माझं मत.

साळकाठची
नको हो. बोया लाटेची उंची, दिशा सांगेल, पाण्यात काय मिसळलंय ते नाही सांगणार. साळ नदी मडगावकडून घाण घेऊन बेतूलला समुद्रात येते, ते बघायला रडार कशाला, नाक पुरे. पैसे सांडपाण्याच्या पाइपलाइनीत घाला.

कोलवेकर
अहो ताई, साळीतून डांबर येत नाही! दोन्ही घाणी वेगळ्या.

जहाजातला अभ्यासू
कोलवेकरांचं अर्धं बरोबर. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, हिवाळ्यात उलटा उत्तरेकडे. त्यामुळे मे-जूनच्या गोळ्यांसाठी उत्तरेकडे बोट दाखवणं चूक नाही, तिथे बॉम्बे हायच्या तेलविहिरी आहेत आणि टँकरांची वाटही आहे. पण उलटं गणित जितके दिवस मागे न्याल तितकी चूक वाढत जाते, म्हणून गोळ्यातल्या रसायनांचा ठसा संशयित तेलाशी जुळवावा लागतो. नुसत्या लाटांवर कुणाला दोषी ठरवलंत तर वकील आनंदानं फाडून खाईल.

साळकाठची
आणि समजा ठरवलंत, पुढे? रिव्हर प्रिन्सेस जून २००० मध्ये कांदोळीला वाळूत रुतलं, कोणाचं जहाज, कुठून आलं, सगळं माहीत, बीचवर उभं राहिलं की डोळ्यांना दिसायचं. तरी पूर्ण निघायला २०१२ उजाडलं. तिथे कुठल्या मॉडेलची कमी होती?

कोलवेकर
हे लागलं मला, मान्य. पण म्हणून चोर शोधूच नये का? जहाज कधी कुठे होतं त्याच्या नोंदी असतात, तवंग ताजा असताना प्रवाह उलटा काढला तर दोन नोंदी जुळवता येतील, आठवड्यानं मात्र काही हाती लागायचं नाही. म्हणूनच तर रोजची मोजणी हवी म्हणतोय.

रापणकाराचा नातू
सगळे शिकलेले भांडताय म्हणून गप्प होतो. आमचा आजो रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, टाकायच्या आधी नारळाचं सोडण पाण्यात फेकायचा, ते कुठे सरकतं ते बघून होडी सोडायची. लाट फुटते तिथून आत पाणी किनाऱ्याला समांतर ओढतं, बाहेर एक दिशा आणि आत दुसरी असं होतं कधीकधी. रडार लांबचं बघतं म्हणता, पण डांबर शेवटी बाणावलीला लागेल की वार्क्याला, ते हे आतलं पाणी ठरवतं. एकदा जाळ्यात डांबर शिरलं की अख्खी रापण वाळूवर पसरून सुरीनं गाठ गाठ खरवडावी लागते, केरोसिनचा वास आठवडाभर हाताला. म्हणून चोर पकडा नायतर सोडा, मला दोन दिवस आधी सांगा डांबर येतंय, मी जाळं टाकणार नाही.

जहाजातला अभ्यासू
हे पकडण्यापेक्षा सोपं आहे. प्रवाह आणि वारा पुढच्या दिवसांसाठी चालवायचा, बस्स. फक्त तवंग आधी दिसायला हवा, उपग्रहातून किंवा कुणा बोटीवरून.

रापणकाराचा नातू
बोटीवरून आम्ही दाखवतो. तुम्ही मेसेज तेवढा पहाटे चारच्या आत पाठवा, नंतर होडी पाण्यात असते आणि फोन घरी.