मदत हवी आहे : तुकडा काढल्यावर मोकळी जागा आपोआप मिटावी, की तशीच राहावी?

नमस्कार. मी आणि माझे एक सहकारी मिळून शाळेतल्या शिक्षकांसाठी व्हिडिओ संपादनाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहीत आहोत. चित्र-ध्वनीचा मूळ भार एमएलटी ही मुक्त लायब्ररी (तयार कोडचा संच) वाहते (केडेनलाइव्ह आणि शॉटकट हे संपादनाचे प्रोग्रॅम तिच्यावरच उभे आहेत), खिडक्या आणि बटणे क्यूटी या साधनसंचात बनवली आहेत आणि सगळा मजकूर पहिल्यापासून मराठीत आहे. कोड आम्ही निभावून नेऊ. कळ दाबल्यावर पडद्यावर नेमके काय घडावे, यावर मात्र आमचे एकमत होत नाही.

आमचे वापरकर्ते फोनवर प्रयोगाचे चित्रीकरण करतात आणि नंतर ते चित्र पाहत पाहत निवेदन वेगळे ध्वनिमुद्रित करतात. त्यामुळे टाइमलाइनवर, म्हणजे तुकडे वेळेच्या क्रमाने मांडलेल्या पट्टीवर, बहुधा दोनच ट्रॅक (थर) असतात, वर चित्र आणि खाली आवाज. मागच्या आठवड्यात एका शिक्षिकेच्या शेजारी बसून, काहीही न सुचवता, त्यांचे काम मी पाहिले. पेटत्या मेणबत्तीवर ग्लास उपडा ठेवण्याचा प्रयोग होता. काडेपेटी शोधण्यात गेलेले १२ सेकंद त्यांनी निवडले आणि डिलीट दाबले. प्रोग्रॅमने मोकळी जागा मिटवली, चित्राचे पुढचे सगळे तुकडे डावीकडे सरकले, निवेदन मात्र जागच्या जागी राहिले. ‘आता ज्योत विझेल’ हे वाक्य ऐकू येईपर्यंत ज्योत विझून १२ सेकंद झाले होते. पुढचा भाग पडद्याबाहेर असल्यामुळे हा घोटाळा त्यांच्या लक्षात आला तो अगदी शेवटी, आणि ‘माझंच काहीतरी चुकलं असेल’ असे त्या म्हणाल्या. चूक अर्थातच आमची होती.

मग आम्ही उलट केले : तुकडा काढला तरी जागा मोकळीच राहील. दुसऱ्या एका शिक्षकांच्या तयार व्हिडिओत तीन ठिकाणी काळा पडदा आला.

संपादनाच्या इतर प्रोग्रॅममध्ये पाहावे, तर एक रूढी नाही. प्रीमियरमध्ये डिलीट दाबल्यावर जागा राहते आणि शिफ्टसह दाबल्यावर मिटते. दाविंची रिझॉल्व्हच्या एडिट पानावर डिलीट जागा मिटवते आणि बॅकस्पेस ती राखते. शॉटकटने या दोन कृतींना एक्स आणि झेड अशा स्वतंत्र कळा दिल्या आहेत. फायनल कट प्रो एक्सने २०११ मध्ये चुंबकासारखी टाइमलाइन आणली, जिच्यात जागा आपोआप मिटते आणि चित्राला जोडलेला आवाज त्याच्यासोबत सरकतो. जुने संपादक तेव्हा बरेच संतापले होते, पण आमचे वापरकर्ते जुने संपादक नाहीत, म्हणून मला हीच पद्धत जवळची वाटते. गाठ एवढीच आहे की निवेदनाचे एखादे वाक्य काढलेल्या तुकड्याच्या आधी सुरू होऊन नंतर संपत असेल, तर ते कोणत्या तुकड्याला बांधायचे?

जाता जाता आणखी दोन अडचणी सांगतो. बऱ्याच शाळांतल्या लॅपटॉपचा पडदा १३६६ × ७६८ चा आहे. तेवढ्यात सगळे बसवण्यासाठी बटणांची उंची कमी केली, तर ‘पूर्ववत करा’ मधला ऊकार कापला जाऊन ‘पर्ववत करा’ असे दिसू लागले. दुसरे म्हणजे, शीर्षक टंकित करण्यासाठी इनस्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक चालू केला आणि तसाच राहिला, की उलट चालवणे, थांबवणे आणि पुढे चालवणे यांसाठीच्या जे, के, एल या कळा निकामी होतात, कारण प्रोग्रॅमला र, क, त ही अक्षरे मिळतात. कोणी यातून वाट काढली असल्यास कृपया सांगावे.

प्रतिसाद :

मी लग्नसमारंभांचे आणि माहितीपटांचे संपादन करतो. माझ्या मते डिलीटचा एकच ठरावीक अर्थ लावण्याचा हट्ट सोडावा. निवडलेल्या भागाखाली निवेदनात शांतता असेल, तर चित्र आणि आवाज दोन्ही तेवढेच कापून जागा मिटवावी. तुमच्या काडेपेटीच्या प्रसंगात हेच हवे होते. तिथे बोलणे चालू असेल, तर आवाजाला हात लावू नये, जागा राखावी, तिच्यावर तिरप्या रेघा दाखवाव्यात आणि त्या जागेतच ‘मिटवा’ व ‘आधीचे चित्र गोठवा’ अशी दोन बटणे द्यावीत. गोठवलेल्या चित्रावर वाक्य पूर्ण होऊ देणे ही आमची नेहमीची पळवाट आहे, आणि पाठाच्या व्हिडिओत ती खटकतही नाही. व्हिडिओ तयार करण्याआधी अशी जागा उरली असेल, तर प्रोग्रॅमने तिथे नेऊन उभे करावे. नुसती सूचना कोणी वाचत नाही.

कळांसाठी अक्षर न पाहता कळेची जागा पाहावी. विंडोज आणि लिनक्सवर क्यूटी प्रत्येक कळेसोबत तिचा स्कॅन कोड (कळेच्या जागेचा क्रमांक) देते आणि भाषा बदलली तरी तो बदलत नाही. फक्त शीर्षकाच्या चौकटीत कर्सर असताना हे बंद ठेवण्यास विसरू नये. बटणांची उंची पिक्सेलमध्ये न ठरवता फाँटच्या मापावरून घ्यावी, आणि चाचणीसाठी ‘पूर्ववत’ हाच शब्द ठेवावा. त्यात वर रफार आहे आणि खाली ऊकार.

मूळ लेखक :

मनापासून आभार. स्कॅन कोडचा उपाय आजच करून पाहिला, चालला. शांतता ओळखण्याबाबत मात्र एक शंका उरते. आमच्याकडची ‘शांत खोली’ म्हणजे छताचा पंखा चालू असलेला वर्ग, त्यामुळे आवाजाची एकच ठरावीक पातळी धरली, तर प्रोग्रॅमला पंखाही बोलतो आहे असेच वाटेल. प्रत्येक ध्वनिमुद्रणातला सर्वांत शांत सेकंद शोधून त्यावरून पातळी ठरवली तर पुरेल का, की शिक्षकांना सुरुवातीला दोन सेकंद गप्प बसायला सांगावे?