घरपट्टीच्या बिलातली ‘शास्ती’ म्हणजे दंडच ना?

कोपऱ्यावरची
बाबा गेल्यापासून माहेरचं घर बंद आहे. परवा आईला घेऊन साफसफाईला गेले, तर दाराच्या फटीतून आत सरकवलेलं घरपट्टीचं बिल सापडलं. एका सहामाहीचे 4,200 रुपये थकलेत, हे कळलं. पण खालच्या रकान्यात ‘शास्ती 1,176’. आई चष्मा सावरत म्हणाली, “आता हे शास्त्रीबुवा कोण?”

हसले खरी, पण मलाही नीट सांगता येईना. खिडकीवर विचारलं तर आतल्या माणसाने मान वर न करता “उशीर झाला की लागते” एवढंच सांगितलं. दंड, व्याज, विलंब आकार हे शब्द ओळखीचे आहेत. मग शास्तीच का? आणि बोलताना हा शब्द कोणी वापरतं का? मी तरी कधी कोणाच्या तोंडून ऐकला नाही.

अर्धा चहा
दंडच तो. महिन्याला शेकडा 2 रुपये. सरकारी मराठीला साधा शब्द पचत नाही, दुसरं काय.

निवृत्त कारकून
अर्धा चहा, हिशेब बरोबर आहे. 4,200 चे 2 टक्के 84, आणि 14 महिन्यांचे 1,176. पण ‘दंडच तो’ एवढ्यावर सोडू नका.

मी पाटबंधारे खात्यात आस्थापना शाखेत 31 वर्षं काढली. शास्ती हा शब्द रोज हातून जायचा. कारणे दाखवा नोटिशीचं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं: ‘आपणावर शास्ती का लादण्यात येऊ नये?’ एकदा नव्या टंकलेखकाने तिथे ‘शास्त्री’ टाइप केलं, साहेबांनी न वाचता सही ठोकली आणि नोटीस गेली. तो कर्मचारी खुलाशात काय लिहितो? ‘माझ्यावर शास्त्री लादू नये, ही विनंती.’ ताई, तुमच्या आईंच्या आधी आमच्याकडे हे होऊन गेलंय!

फरक बघायचा तर क्रियापदं बघा. शिक्षा देतात, ती होते, मग भोगावी लागते. दंड करतात, कोर्ट तो ठोठावतं, आपण भरतो. भुर्दंड पडतो किंवा बसतो, आणि त्यात आपली चूक असेलच असं नाही. शास्ती मात्र लादतात, आकारतात, नाहीतर नुसती ‘लागते’. कोणी कोणाला ‘शास्ती दिली’ असं कानाला बरं वाटतं का? छडी मारणारे मास्तर समोर दिसतात, शास्ती लावणारा दिसत नाही. तुमचा खिडकीवरचा माणूस ‘लागते’ म्हणाला, त्यात सगळं आलं.

नोकरीतल्या शास्तीत पैसा असेलच असंही नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 यातला नियम 5 काढून बघा. ठपका ठेवण्यापासून यादी सुरू होते. मग वेतनवाढ रोखणं, पदावनती, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणं आणि शेवटी बडतर्फी. लोकांना या शेवटच्या दोन्ही सारख्याच वाटतात. पण काढून टाकलेल्याला पुढे सरकारी नोकरीचं दार उघडं राहतं, बडतर्फ झालेल्याला सहसा ते बंद होतं.

आणखी एक गंमत. निलंबन या यादीत नाहीच. माणूस घरी बसतो, निर्वाह भत्त्यावर आठ-आठ महिने काढतो, शेजारीपाजारी ‘याला शिक्षा झाली’ म्हणतात आणि फाइलवर मात्र अजून एक अक्षर शास्ती नसते. आमच्या एका सहकाऱ्याची बायको मला कार्यालयात येऊन विचारायची, “भाऊ, शिक्षा कधी संपणार?” तिला कसं सांगू की वहिनी, ती अजून सुरूच झालेली नाही!

मूळ धातू शास्. शासन, शास्त्र, शिष्य सगळे त्याचेच. आमची आजी आम्हा पोरांकडे बघून आईला म्हणायची, “यांना जरा शासन कर.” आता शासन म्हटलं की मंत्रालय आठवतं.

बंगालवासी
घरात बोलतं का कोणी? कोलकात्याला या. बंगालीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आणि आपण जिला शिक्षा म्हणतो ती यांची शास्ती. आमच्या खालच्या मजल्यावरची आई रोज संध्याकाळी पोराला शास्तीचा धाक घालते. बिलाबिलाचा काही संबंध नाही, कान धरून उभं राहायचं, बस्स. मी नागपूरचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, एवढ्याशा पोराची कसली घरपट्टी थकली!

भोसरीकर
मराठीतही बोलतात हो, आमच्या पिंपरी-चिंचवडला विचारा. अनधिकृत बांधकामांना मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लागायची. तिला ‘शास्तीकर’ असं नाव पडलं आणि प्रत्येक निवडणुकीत ‘शास्तीकर रद्द’चे फलक लागले. शेवटी 2023 मध्ये माफ झाला. आमच्या टपरीवाल्याला बाकी जोडाक्षरं जमत नाहीत, पण शास्ती स्वच्छ म्हणतो.

कोपऱ्यावरची
कारकूनकाका, शास्त्री लादू नये वाचून आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. एकच शंका. आता भरू की अभय योजनेची वाट बघू? शेजारचे काका थांबा म्हणतात.

निवृत्त कारकून
भरून टाका. अभय योजना आली तर सूट शास्तीत मिळते, मूळ करात नाही. आणि ती येईपर्यंत महिन्याला 84 चढत राहणार.

कोपऱ्यावरची
आज भरले, 5,376. आई म्हणाली, तुझे बाबा मे महिन्यातच रांगेत उभे राहायचे, लवकर भरल्याची सूट मिळते म्हणून. जुन्या पावत्यांची पिशवी कपाटात सापडली. सगळ्या चाळल्या, शास्तीचा रकाना एकीतही भरलेला नाही. आजची पावती आईने त्या पिशवीत ठेवू दिली नाही. माझ्या पर्समध्ये आहे.