ओपन सोर्स प्रोजेक्टचं डॉक्युमेंटेशन सुधारायचंय, काय वापरू? (वर्षाला २००० रुपयांच्या आत)

मांजराकाठ (लातूर):
नमस्कार. आम्ही तिघं आडत दुकानासाठी हिशोबाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर चालवतो. माल आला, काटा झाला, सौदा झाला की हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी निघते. भाषा पायथन, त्यावर जँगो, डेटाबेस पोस्टग्रेस. कोड बरा आहे, पण डॉक्युमेंटेशन म्हणजे एक जुनं रीडमी (कोडसोबतची ओळखीची फाइल). दिवाळीपासून कॉलेजची सहा पोरं आली, पुल रिक्वेस्ट (केलेला बदल कोडात घ्या अशी विनंती) एकाचीच आली. बाकी पाच जण काही न विचारताच गेले, ते मनाला लागलंय. खर्च वर्षाला दोन हजारांच्या आत, वेळ तिघांचा मिळून आठवड्याला चार तास. डॉक्युमेंटेशनची साइट बनवणारं स्फिंक्स किंवा एमकेडॉक्स, की विकी?

औशाचा_कोडर:
एमकेडॉक्स, मटेरियल थीम. डोळे झाकून. मार्कडाउनच (साधा मजकूर, थोड्या खुणा) लिहायचं, नवीन काही शिकायचं नाही. माझी साइट एका रविवारात उभी राहिली, शोधाची पेटी, डार्क मोड, सगळं. लोक अजून विचारायलेत कशात केली म्हणून.

नांदेडकर:
टेक्निकल रायटर लावा. महिन्याला पंचवीस हजारांत चांगला माणूस मिळतो. डेव्हलपरनं लिहिलेलं डेव्हलपरलाच कळतं.

मांजराकाठ:
सर, वर्षाचे दोन हजार म्हणलंय मी.

नांदेडकर:
मग पार्ट टाइम लावा. पण माणूस लावाच.

परभणी_पायथन:
पायथन आहे तर स्फिंक्सच. पायथनच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनसाठीच ते २००८ ला आलं. डॉकस्ट्रिंगमधून (कोडमध्येच लिहिलेल्या माहितीतून) एपीआयची, म्हणजे फंक्शन-क्लासची, पानं निघतात, आणि रीड द डॉक्स या साइटवर ओपन सोर्सला होस्टिंग फुकट आहे, फक्त जाहिरात दिसते. विकी मात्र नको. कोड ठेवायच्या गिटहब साइटवरची विकी वेगळ्या रेपोत (फाइलींच्या साठ्यात) राहते, त्यामुळे कोड आणि त्याचं पान एकाच पुल रिक्वेस्टमध्ये तपासता येत नाही. आमची विकी अशीच मागं पडली. कमांड बदलून आठ महिने झाले तरी पानावर जुनीच होती.

गोदातीर:
कोण वाचतंय हो? व्हिडिओ करा. आमचा चाळीस मिनिटांचा आहे, पोरं खूश.

परभणी_पायथन:
पुढच्या महिन्यात स्क्रीन बदलली की परत चाळीस मिनिटं? व्हिडिओतली कमांड कॉपी करता येत नाही.

गोदातीर:
खाली डिस्क्रिप्शनमध्ये देतो ना.

परभणी_पायथन:
मग ते डॉक्युमेंटेशनच झालं की.

जिंतूर_रोड:
डॉकर द्या, म्हणजे सगळं आधीच बसवलेलं पॅकेज, सेटअपचं पानच लागणार नाही.

अंबाजोगाईकर:
चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर, विंडोजवर, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डॉकर? दिवसाचा दीड जीबी डेटा डाउनलोड करण्यातच जातो. आमच्या होस्टेलवर निम्म्या पोरांचं हेच आहे.
ताई, त्या पाचातला मी एक. रीडमीत ‘मायग्रेट करा’ (डेटाबेसमध्ये टेबलं तयार करा) लिहिलंय, पण आधी पोस्टग्रेसमध्ये डेटाबेस तयार करावा लागतो हे कुठंच नाही. ‘डेटाबेस अस्तित्वात नाही’ हाच एरर रात्री एक वाजेपर्यंत बघत बसलो. मला वाटलं, चूक माझीच. एवढं साधं विचारलं तर काय म्हणतील म्हणून इश्यू (अडचणीची नोंद) टाकला नाही. पुढं कोडमधल्या मॉडेलमध्ये ‘कडता’ दिसलं. मी शेतकऱ्याच्या घरचा, मला माहीत आहे वजनातून काय कापतात ते. पुण्याच्या मित्राला विचारलं तर तो म्हणला व्हेरिएबलचं स्पेलिंग चुकलंय.

औशाचा_कोडर:
एमकेडॉक्समध्ये शब्दार्थाचं पान सोपं आहे. मी तर म्हणलोच होतो.

बालाघाट:
अंबाजोगाईकरांनी सांगितलं तेच खरं दुखणं आहे. गिटहबनं २०१७ मध्ये केलेल्या सर्वेक्षणात ९३ टक्के लोकांनी अपुरं किंवा जुनं डॉक्युमेंटेशन ही अडचण सांगितली होती, आणि ६० टक्के योगदान देणारे ते क्वचितच किंवा कधीच लिहीत नाहीत. आधी टूल निवडू नका. डायटॅक्सिसची मांडणी बघा: शिकवणारं पान वेगळं, एखादं काम कसं करायचं ते वेगळं, संदर्भ वेगळा, ‘असं का’ ते वेगळं. तुमच्याकडं पहिलंच नाही. आणि सेटअपच्या कमांड सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप तपासणारी यंत्रणा) कोऱ्या मशीनवर चालवा, म्हणजे त्या बिघडल्या की त्याच दिवशी कळेल.

नांदेडकर:
रायटर असता तर हे सगळं त्यानंच केलं असतं.

जिंतूर_रोड:
मराठीत लिहिणार की इंग्रजीत? इंग्रजीच ठेवा, बाहेरचे लोक येतात.

गोदातीर:
पोरं इथली, धंदा इथला, मग मराठीत का नको? ‘कमिट’ला ‘कमिट’च म्हणायचं, बाकी आपली भाषा.

मांजराकाठ:
सगळ्यांचे आभार. ठरलं: सध्या स्फिंक्स नाही, एमकेडॉक्स नाही, व्हिडिओही नाही. रीडमीच राहील, पण पुन्हा पहिल्यापासून लिहिणार, आधी मराठीत, मग इंग्रजीत. सीआयचं काम आमच्यातल्या एकानं घेतलंय. शब्दांची यादी कालच सुरू केली: काटा, सौदा, पट्टी, हमाली, तोलाई, कडता.
अंबाजोगाईकर, तुमची माफी मागते. तुम्ही अडकलात ती ओळ मीच गाळली होती, कारण माझ्या मशीनवर डेटाबेस आधीपासून होता. शनिवारी दुपारी बसस्टँडजवळ आमच्या ऑफिसला येता का? जाण्यायेण्याचं भाडं त्या दोन हजारांतून. कोरा लॅपटॉप ठेवते, सेटअप तुम्ही करा. मी शेजारी वही घेऊन बसेन, मध्ये बोलणार नाही. जिथं थांबाल तिथं लिहून घेईन.

अंबाजोगाईकर:
येतो ताई. पण माझाच लॅपटॉप आणतो, चार जीबीचा.