पक्षाघातानंतर वडिलांच्या आकलनाची आणि वागण्याची तपासणी : मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या वडिलांना मेंदूच्या उजव्या भागात गुठळी अडकून पक्षाघात झाला. हात-पाय आता बरेच चालतात, बोलणेही स्पष्ट आहे, त्यामुळे भेटायला येणाऱ्यांना ते पूर्ण बरे वाटतात. परंतु ताटात डावीकडे वाढलेली चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड तशीच राहते आणि ‘कोशिंबीर वाढलीच नाही’ म्हणून ते आईवर चिडतात. ताट फिरवून दिले, की तीच कोशिंबीर आवडीने खातात. नेत्रतज्ज्ञांना नजरेत दोष आढळला नाही. म्हणजे डाव्या बाजूकडे त्यांचे लक्षच जात नसावे.

रुग्णालयात ‘मोका’ ही स्मरण, लक्ष, आकलन तपासणारी ३० गुणांची चाचणी झाली. शिक्षण १२ वर्षे किंवा कमी असल्यास तीत एक गुण वाढवून मिळतो, पण चौथीपर्यंत शिकून आयुष्यभर शेती केलेल्या माणसाला घन आणि घड्याळ काढायला लावल्यावर गेलेले गुण आजारामुळे किती आणि शाळा सुटल्यामुळे किती, हे कसे ठरवतात? शिवाय राग, उतावीळपणा, व्यवहारातला निर्णय या गोष्टी अशा चाचणीत नीट उमटत नाहीत, आणि आम्हाला खरी काळजी त्यांचीच आहे, कारण बाबा पुन्हा ट्रॅक्टर चालवायचे म्हणतात.

पुणे-सातारा भागात मराठीतून सविस्तर तपासणी करणारे, रेषेचा मध्य दाखवणे, कागदावरची चिन्हे खोडणे अशा, एका बाजूकडे लक्ष जाते की नाही हे पाहणाऱ्या चाचण्या घेणारे आणि आईशीही स्वतंत्रपणे बोलणारे न्यूरोसायकॉलॉजिस्ट (मेंदूच्या आजारानंतरचे आकलन आणि वागणे तपासणारे मानसशास्त्रज्ञ) कोणाला माहीत आहेत का? नैराश्याची तपासणी त्यांच्याकडेच होते, की मनोविकारतज्ज्ञांकडे वेगळे जावे लागते, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.