हॅमस्टरची पहिली जोडी लावण्याआधी थांबा

मोरपीस: नवख्या माणसाने घरी हॅमस्टर या उंदरासारख्या छोट्या पाळीव प्राण्याची पिल्लं काढू नयेत, असं माझं ठाम मत झालंय. हे स्वतः करून बसलेय, म्हणून लिहितेय. जोडी लावल्यावर सोळाव्या दिवशी आमची सीरियन जातीची मादी व्याली. नऊ पिल्लं. गुलाबी, अंगावर लव नाही, डोळे मिटलेले, शेंगदाण्यापेक्षा जरा मोठी. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. सगळी आहेत ना, एवढंच बघायला घरट्यातले कागदाचे तुकडे बोटाने बाजूला केले. ती हलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. सकाळी चारच पिल्लं उरली होती. बाकीची तिने खाल्ली.

खारूताई: वाचून फार वाईट वाटलं. पण निष्कर्ष पटत नाही. चूक घरट्याला हात लावण्यात झाली, जोडी लावण्यात नाही. पहिले दहा-बारा दिवस पिंजरा साफ करायचा नाही, फक्त दाणापाणी आणि थोडं उकडलेलं अंडं द्यायचं, हे आधी विचारून घेता येतं. नवखा तर प्रत्येक जण कधीतरी असतोच. आणि घरात हाताळलेली पिल्लं चांगली माणसाळतात, हेही खरं आहे.

रातकिडा: दाणापाणी शिकता येईल हो, पण जोडीच्या रक्तात काय आहे ते कसं बघणार? सीरियनमध्ये रोन रंग असतो, पांढऱ्या अंगावर रंगीत केस विखुरलेले. दोन रोन एकत्र आले तर साधारण चारातलं एक पिल्लू डोळ्यांशिवाय जन्मतं. हेच जनुक काही पांढऱ्या पोटाच्या हॅमस्टरांतही असतं आणि वरून ओळखू येत नाही. छोट्या जातींचं तर आणखी अवघड. कॅम्पबेल आणि विंटर व्हाइट दिसायला सारखे. त्यांचा संकर झाला तर पिल्लांची डोकी मोठी होऊन मादी अडू शकते. अडलेल्या एवढ्याशा जिवाला सोडवणार कोण?

खारूताई: हा मुद्दा मान्य. आईबापांची माहिती नसेल तर जोडी लावूच नये. पण माहिती असेल तर?

चांदणं: मोरपीस, स्वतःला फार दोष देऊ नका. 1930 साली सीरियातल्या अलेप्पो शहराजवळ प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी एक मादी पिल्लांसकट पकडली. आजच्या बहुतेक पाळीव सीरियन हॅमस्टरांचा वंश त्या वेतापर्यंत जातो. तिनेही घाबरून जवळ आलेल्या पिल्लाला मारलं होतं. घाबरलेली मादी असंच करते. तरी मी तुमच्याच बाजूची आहे, कारण तिला कशाची भीती वाटेल हे नवख्याला कळत नाही.

मोरपीस: धन्यवाद. खारूताई, माहिती असली तरी पुढचा हिशोब कुणी करत नाही, मीही केला नव्हता. चौथ्या आठवड्यात नर-मादी वेगळे करावे लागतात, नाहीतर पाचव्यात बहीण भावापासून गाभण राहू शकते. दोन महिन्यांची होईपर्यंत प्रत्येकाला वेगळा पिंजरा हवाच, नाहीतर रक्त निघेपर्यंत भांडतात. चारांपैकी एकाला चांगलं घर मिळालं. आईबाप आणि उरलेली तीन धरून आज माझ्या खोलीत पाच पिंजरे आहेत. नऊच्या नऊ जगली असती, तर मी ती कुठे ठेवली असती?