दूध संकलनाचं अ‍ॅप एकट्याने चालवतोय, नोकरी सोडून पूर्णवेळ करावं का? (कोरेगाव, सातारा)

कोरेगावकर_डेव्ह

नमस्कार मंडळी. मी कोरेगाव तालुक्यातला, पुण्यातल्या एका कंपनीची नोकरी घरून करतो आणि त्याच्या जोडीला संध्याकाळी नि रविवारी स्वतःचं एक अँड्रॉइड अ‍ॅप चालवतो. गावातल्या दूध संकलन केंद्रांसाठी आहे. शेतकरी कॅन घेऊन आला की काट्यावरचे लिटर आणि फॅट मशीनवरचे फॅट-एसएनएफ (दुधातली चरबी नि बाकीचे घन पदार्थ) केबलने थेट मोबाईलमध्ये येतात, दरपत्रकावरून दर लागतो, ब्लूटूथ प्रिंटरवर पावती निघते आणि दर दहा दिवसांनी पेंडीची, अ‍ॅडव्हान्सची कपात होऊन प्रत्येकाचं बिल तयार होतं. रेंज नसली तरी अडत नाही, सगळं आधी मोबाईलमध्येच साठतं आणि नेट आलं की वर जातं.

सुरुवात आमच्या गावातल्या डेअरीपासून झाली, मग पाहुण्यांच्या गावात, आता कोरेगाव, खटाव, फलटण आणि थोडं कऱ्हाडकडं मिळून साठेक सेंटर आहेत. वर्षाला २५०० घेतो. जाहिरात एक रुपयाची नाही, सगळं एकाने दुसऱ्याला सांगून.

आता अडचण अशी की पहाटे साडेपाचला फोन चालू होतो, केबल लागत नाही, प्रिंटर जोडत नाही, आज दूध प्लँटने दर बदलला तो टाकून द्या, आणि हे सगळं उरकून नऊला कंपनीची मीटिंग. शिवाय प्रत्येक चेअरमनला आपल्या मनासारखी पावती पाहिजे, एकाला गाय-म्हैस वेगळी, एकाला मागची बाकी वर, एकाला खाली. काम मनापासून आवडतं, हे खोटं नाही सांगत, म्हाताऱ्या बाया पावतीवर स्वतःचं नाव मराठीत बघतात तेव्हा कंपनीच्या कुठल्याच कामात मिळत नाही ते समाधान मिळतं. पण घरात लहान मूल आहे, कर्जाचा हप्ता आहे.

तर विचारायचं असं, नोकरी सोडून हेच करावं का, दर किती ठेवावा, आणि आत्ता एपीके (इन्स्टॉल करायची फाइल) व्हॉट्सअ‍ॅपवरून देतो तेच चालू ठेवू का प्ले स्टोअरवर जाऊ? जीएसटीचं पण काही कळत नाही. ज्यांनी एकट्याने धंदा केलाय त्यांनी सांगा.

मिरजवाला_जुना

भावा आधी गणित कर. साठ गुणिले २५०० म्हणजे दीड लाख वर्षाचे, त्यातून सर्व्हर, एसएमएस, पेट्रोल गेलं की काय राहतं ते तुलाच माहीत. या आकड्यावर नोकरी सोडू नको, हे स्पष्ट सांगतो. पण धंदा सोडू नको हे त्याहून जोरात सांगतो, कारण साठ सेंटर एकमेकांना सांगून येतात म्हणजे माल खरा आहे.

मी सांगलीत मार्केट यार्डातल्या अडत दुकानांचं बिलिंग सॉफ्टवेअर बरीच वर्षं एकटाच चालवतोय. हळद, गूळ, बेदाणा, शेतकऱ्याची पट्टी, हमाली, तोलाई, अडत सगळं. माझं ठाम मत असं आहे की आपल्यासारखा एकटा माणूस सॉफ्टवेअर विकत नाही, तो फोन उचलणं विकतो. कोड एकदा लिहिला की साठांना दिला काय नि सहाशेंना दिला काय, फरक नाही. फोन मात्र प्रत्येकाचा वेगळा वाजतो. म्हणून दर ठरवताना कोडकडं बघू नको, एक सेंटर वर्षात तुझे किती तास खातं ते बघ. महिनाभर वहीत लिही, कुणाचा फोन, कशासाठी, किती वेळ. मला खात्री आहे निम्मे फोन चार-पाच कारणांचेच निघतील आणि ती कारणं कोडमध्येच बुजवता येतात.

केबलचंच घे. काटा नि फॅट मशीन बहुतेक आरएस २३२ या जुन्या सिरीयल केबलवर बोलतात, मध्ये यूएसबी कन्व्हर्टर आणि मोबाईलला जोडायची ओटीजी पिन. प्रत्येक कंपनीची आकडे पाठवायची पद्धत वेगळी, कुणाचा बॉड रेट (आकडे पाठवायचा वेग) २४००, कुणाचा ९६००. हे सेटिंग सेंटरवाल्याला करायला लावू नको, मशीनची कंपनी यादीतून निवडली की बाकी आपोआप बसलं पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, केबल मेली तरी संकलन थांबता कामा नये. त्याच स्क्रीनवर एका बटणावर हाताने आकडा टाकायची सोय दे आणि पावतीवर तशी खूण छाप, म्हणजे नंतर वाद नको. रांगेत तीस माणसं उभी असताना सेंटरवाला फोन करतो तो घाबरून करतो, त्याचं काम चालू राहिलं की तोच फोन दुपारी बारानंतर येईल आणि तेव्हा तू निवांत असशील.

दरपत्रक पण एक्सेलवरून त्याचं त्यालाच चढवू दे, ते तू का करतोस?

पावतीच्या बदलांचं म्हणशील तर मी एक नियम पाळतो, तीन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांनी मागितल्याशिवाय बदल नाही. आणि केला तर तो सगळ्यांसाठी, सेटिंगमध्ये. एकेकाची वेगळी आवृत्ती बनवायला लागलास की साठ अ‍ॅप सांभाळावी लागतील आणि एकटा माणूस तिथंच संपतो. मोठा गिऱ्हाईक रुसला तरी चालेल, जाऊ दे.

वाईची_अ‍ॅपवाली

कोरेगावकर दादा, एपीकेचं मी सांगते. ट्रॅफिक चलन नाहीतर लग्नपत्रिकेच्या नावाखाली एपीके पाठवून खाती रिकामी करतात, पोलीसही सांगतात की व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके उघडू नका, आणि त्यात बरोबरच आहे. मग नवीन सेंटरवाला तुमची एपीके का उघडेल? प्ले स्टोअरवर जाच.

खाते काढायला २५ डॉलर, एकदाच. पण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेलं वैयक्तिक खातं असेल तर अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी क्लोज्ड टेस्टिंग (ठरावीक लोकांकडून चाचणी) लागतं, किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस. आधी २० लागायचे, २०२४ च्या शेवटी १२ केले. तुमच्याकडे साठ सेंटर आहेत, त्यांच्यातलेच बारा घ्या, भाड्याने टेस्टर देणाऱ्यांच्या नादी लागू नका.

दुसरं, जे कुणी सांगत नाही. वैयक्तिक खात्यावरून अ‍ॅपमध्ये पैसे घ्यायला लागलात की तुमचं कायदेशीर नाव आणि पूर्ण पत्ता प्ले स्टोअरवर सगळ्यांना दिसतो. मी घरून काम करते, मला ते नको होतं, म्हणून मी अ‍ॅपमध्ये काही विकतच नाही. ग्राहक बाहेर पैसे भरतो, त्याला लॉगिन मिळतं, अ‍ॅप फक्त वापरायला. हे नियमात बसतं, फक्त अ‍ॅपच्या आत "इथे जाऊन पैसे भरा" असा रस्ता दाखवायचा नाही. तुमचे ग्राहक तसेही संस्थाच आहेत, यूपीआयने नाहीतर चेकने देतात, तिथे १५ टक्के गूगलला द्यायचं कारणच नाही.

आणि एक काम आजच करा. एपीके ज्या की ने (डिजिटल किल्लीने) साइन करता ती फाइल आणि तिचा पासवर्ड दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. ती की गेली तर जुन्या अ‍ॅपवर अपडेट चढत नाही, सगळ्यांना अ‍ॅप काढून नवीन टाकायला लावावं लागतं आणि फोनमध्येच राहिलेला हिशोब जातो. प्ले स्टोअरवर जातानासुद्धा हीच की त्यांच्या अ‍ॅप साइनिंगमध्ये द्या, नवीन बनवू दिलीत तर साठही सेंटरना पुन्हा इन्स्टॉल करावं लागेल.

दरवर्षी ३१ ऑगस्टच्या आसपास टार्गेट एपीआय (अँड्रॉइडच्या कुठल्या आवृत्तीसाठी बनवलं तो आकडा) वाढवायची मुदत असते, ते दोन-चार दिवसांचं काम धरूनच चाला.

हिशोबनीस_तासगाव

जीएसटीबद्दल. सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाख उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही आणि त्यात तुमचा पगार धरत नाहीत. तुम्ही त्याच्या आसपाससुद्धा नाही, उगाच आधी नोंदणी करू नका, कारण एकदा नेहमीची नोंदणी केली की बिलावर १८ टक्के लावावेच लागतात. ताज्या दुधावर जीएसटी नाही, म्हणजे तुमच्या सेंटरवाल्यांना ते १८ टक्के सहसा परत मिळत नाहीत, सरळ त्यांच्या खिशातून जातात. समजा उद्या दर ५००० केलात तर त्यांना ते ५९०० ला पडेल.

उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) मात्र करा. सरकारी पोर्टलवर फुकट होते, पैसे मागणाऱ्या साइट दलालांच्या आहेत. तिचा खरा उपयोग पुढे एखाद्या प्लँटने किंवा संघाने त्यांच्या सगळ्या सेंटरसाठी एकत्र अ‍ॅप घेतलं तेव्हा. एमएसएमई कायदा २००६ चा, त्यात खरेदीदाराने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय आता वेळेत दिले नाहीत तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्यांना तो खर्च आयकरात धरता येत नाही, त्यामुळे त्यांचा सीएच मागे लागतो. पण ही नोंदणी काम घेण्याआधी झालेली पाहिजे.

अ‍ॅपच्या पैशांसाठी वेगळं खातं काढा. आयकरात पगाराबरोबर हे धंद्याचं उत्पन्न दाखवावं लागेल, छोट्या धंद्याला अंदाजित नफ्यावर कर भरायची सोय आहे, तुमच्या कामाला त्यातला धंद्याचा नियम बसतो की व्यावसायिकांचा हे सीएला कागद दाखवून ठरवा.

आणि सगळ्यात आधी कंपनीचं नेमणूक पत्र काढून वाचा. बऱ्याच पत्रांत दुसरं काम करायचं नाही असं असतं, आणि काहींत नोकरीच्या काळात लिहिलेला कोड कंपनीचा असंही असतं. कंपनीच्या लॅपटॉपवर अ‍ॅपची एक ओळही लिहू नका.

दूधसंस्था_फलटण

मी संस्थेचा सेक्रेटरी आहे, कोडिंगमधलं कळत नाही पण गिऱ्हाईक म्हणून बोलतो. २५०० फार कमी आहेत. आमच्याकडं रोज सकाळ-संध्याकाळ मिळून हजारभर लिटर येतं, फॅटचा एक पॉइंट चुकीचा लागला तर किती रुपयांचा फरक पडतो ते बघा. ५००-६०० रुपये महिना कुठलीही संस्था देईल. फक्त माणूस उद्या असेल का याची भीती असते. आधीचा एक जण असाच सॉफ्टवेअर देऊन गेला, पुढं त्याचा नंबरच लागेना, सगळा हिशोब त्याच्या सर्व्हरवर. सभासदांपुढं उत्तर आम्हाला द्यावं लागलं.

म्हणून माझी मागणी अशी, दर दहा दिवसांचं बिल झालं की पूर्ण एक्सेल आमच्या ईमेलवर आपोआप आलं पाहिजे. मग तुम्ही आजारी पडला, परगावी गेला तरी आमचं बिल अडत नाही. हे दिलंत तर दर वाढवल्याचं कुणी काढणार नाही.

पैसे एप्रिलमध्ये मागा. मार्चअखेर हिशोब मिटतात, ऑडिटला अ‍ॅपचेच कागद लागतात, तेव्हा किंमत कळते. दिवाळीला मागू नका, तेव्हा सभासदांचा दरफरक वाटायचा असतो, संस्थेकडं पैसा थांबत नाही.

आणि अजून एक, काटा दरवर्षी पासिंग (सरकारी तपासणी) करावा लागतो, त्यासाठी काटेवाला आमच्या भागातल्या प्रत्येक सेंटरवर येतोच. फॅट मशीन पण तोच बघतो. तुम्ही कोरेगावहून इकडं केबल बदलायला येण्यापेक्षा त्याला धरा.

मिरजवाला_जुना

सेक्रेटरी साहेबांनी लाखाची गोष्ट सांगितली. काटेवाला हाच तुझा माणूस. पगारावर पोरगा ठेवलास तर महिन्याला पैसे काढावे लागतील, ते आत्ता झेपायचं नाही.

कोरेगावकर_डेव्ह

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. नेमणूक पत्र काढलं, दुसऱ्या कामाला लेखी परवानगी लागते असं आहे, ती आधी मागतो. नोकरी आत्ता सोडत नाही. नवीन सेंटरला ५०००, जुन्यांना येत्या एप्रिलपासून ४०००, आणि हाताने आकडा टाकायची सोय व एक्सेलचा ईमेल हे दोन्ही दरवाढीच्या आधी देतो. दोनशे सेंटर झाले की वर्षाचे नऊ लाख चाळीस हजार होतात, तेव्हा घरच्यांबरोबर बसून परत विचार करू.

काटेवाल्याला काय द्यायचं असतं? आणि ताई, प्रिंटरचे फोन पण फार येतात, मराठी नावं मध्येच तुटतात.

वाईची_अ‍ॅपवाली

त्या छोट्या प्रिंटरमध्ये देवनागरी फाँट नसतो, म्हणून पावती चित्र करूनच पाठवावी लागते, ते तुम्ही करतच असाल. ५८ मिमीच्या कागदाला रुंदी ३८४ ठिपके धरा, आणि पूर्ण पावती एकदम न पाठवता लहान लहान पट्ट्या करून मध्ये थोडं थांबत पाठवा. स्वस्त प्रिंटरची मेमरी भरते आणि म्हणून नावं तुटतात. फाँट फोनवर सोडू नका, अ‍ॅपमध्येच घाला, म्हणजे सगळीकडे जोडाक्षरं सारखी येतील.

मिरजवाला_जुना

काटेवाल्याला नवीन सेंटर आणलं तर पहिल्या वर्षाच्या पैशातले तीस टक्के, पुढं दरवर्षी दहा, आणि केबल-कन्व्हर्टर त्यालाच विकू दे, त्यातला नफा त्याचा. त्याच्या बदल्यात सकाळचा पहिला फोन त्याच्याकडं जाईल असं सगळ्या सेंटरना सांग. पैसे मात्र सेंटरकडून थेट तुझ्या खात्यावर घे, त्याच्या हातून नको, आणि हे सगळं एका कागदावर लिहून दोघांनी सही करा. फलटणच्या भागात एकाबरोबर वर्षभर चालवून बघ, मग कऱ्हाडला दुसरा शोध.