सीओपीडी आणि ऑक्सिजनचा फ्लो

सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन फुप्फुसं खराब होण्याचा जुनाट आजार) असलेल्याचा दम वाढला की लगेच भरती करावं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत ऑक्सिजन फुल सोडावा, असा एक सल्ला वाचला. भरती करायला उशीर नको हे अगदी मान्य, पण फुल ऑक्सिजन कृपा करून नको. सीओपीडीत बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ एवढंच हवं. ९८ दिसलं की घरच्यांना हायसं वाटतं, पण तेव्हाच रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत असू शकतो: खराब झालेल्या फुप्फुसाच्या भागाकडे शरीराने आवळून कमी केलेला रक्तपुरवठा जादा ऑक्सिजनने पुन्हा मोकळा होतो, आणि तिथे गेलेल्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही. रुग्ण शांत झोपलाय असं वाटतं, खरं तर तो गुंगीत जात असतो. डोकं दुखणं, असंबद्ध बोलणं, हात पुढे धरल्यावर पंजे फडफडणं ही लक्षणं. मग वॉर्डात भागलं असतं तिथे बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र), आयसीयू आणि खर्च कितीतरी पटीने.

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात रुग्णवाहिकांमध्ये याची रीतसर चाचणी झाली, २०१० साली प्रसिद्ध झाली. फुल ऑक्सिजन दिलेल्यांपेक्षा मोजून ऑक्सिजन दिलेल्यांमध्ये मृत्यू निम्म्याहून कमी होते. म्हणून नाकातल्या नळीने १-२ लिटरवर सुरू करा, आकडा बघत थोडं थोडं वाढवा. नेब्युलायझरकडे (औषधाचे बारीक तुषार श्वासातून देणारं यंत्र) सहसा कुणाचं लक्ष जात नाही. तो ऑक्सिजनच्या सिलिंडरवर चालवला तर मिनिटाला ६-८ लिटर ऑक्सिजन जातो; शक्यतो हवेच्या कॉम्प्रेसरवर लावा, नाइलाज असेल तर ६ मिनिटांत काढा. आणि डिस्चार्ज कार्डावर ‘८८-९२’ ठळक लिहून मागाच, रात्री दोनला ड्यूटीवरच्या नव्या डॉक्टरला तेच दिसतं.